उसना दरारा

पिटबुल कोण घेतं?

ज्याला नुसता कुत्रा हवा असतो, तो नाही घेत. त्याचं गल्लीतल्या पिल्लावर भागतं. दुधात कुस्करलेली पोळी, झोपायला जुनी चादर, विषय संपला. पिटबुल घेणाऱ्याला कुत्र्याच्याही आधी एक गोष्ट हवी असते. आपण दिसलो की समोरच्याने रस्ता ओलांडून पलीकडे जावं.

पूर्वी हे काम मिशीवर भागायचं.

आता मिशीला कोणी भीत नाही. बुलेटचा सायलेन्सर बदलून पाहिला, तर पोलिसांनी तो जप्त करून वरून रोडरोलर फिरवला आणि फोटो पेपरात दिले. मग उरलं काय? चार पायांचं, रुंद जबड्याचं, नाव ऐकताच शेजारीण पोराला मागे ओढेल असं काहीतरी. त्यावरून अजून तरी कोणी रोडरोलर फिरवत नाही.

बाजारात या कुत्र्याची बदनामी विकली जाते. कुत्रा वर फुकट.

एरवी बदनामीने माल पडून राहतो. एखाद्या दुकानाच्या पेढ्यात माशी निघाली तर गाव सहा महिने तिकडे फिरकत नाही. पण रॉटवायलरने कुणाचा लचका तोडल्याचं छापून आलं, की दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी घरात एक तरणाबांड मुलगा चहा पिता पिता म्हणतो, 'पप्पा, आपण रॉटवायलर घेऊ या ना.' आणि पप्पा बातमीची घडी घालत विचारतात, 'केवढ्याला पडतो?'

पुण्याच्या आसपास जमीन विकून एका रात्रीत श्रीमंत झालेल्याला गुंठामंत्री म्हणतात. त्याचा संच ठरलेला. पांढरी फॉर्च्युनर, पांढरे बूट, गळ्यात सोन्याची साखळी. घरात आणखी एक साखळी असते, लोखंडाची. गोठा रिकामा झाल्यापासून ती नुसतीच खुंटीला लटकलेली. तिला काहीतरी बांधायला नको?

हसू नका. बाणेरच्या विसाव्या मजल्यावरचा संगणक अभियंताही त्याच रांगेत आहे. तो फक्त 'टेम्परामेंट', 'ब्लडलाइन' असे शब्द वापरतो आणि केन कोर्सो घेतो. राखणीला म्हणे. विसाव्या मजल्यावर चोर येणार कसा? आलाच तर लिफ्टने येईल, खाली रजिस्टरमध्ये सही करून.

आणि ती वंशावळ! मुलीच्या स्थळाच्या जाहिरातीत 'जातीची अट नाही' असं छापून आणणारे गृहस्थ कुत्र्याच्या बाबतीत थेट पणजोबापर्यंत जातात. केनेल क्लबचा कागद हवा, त्यात तीन पिढ्या हव्यात, आणि एकाही पिढीत गावठी रक्त नको. समाजसुधारणा एवढ्या लांबून चालत आलेली. दमते शेवटी.

नावं बघा. मोती, खंड्या, वाघ्या ही आता आजोबांकडची. यांचा टायसन असतो, सुलतान असतो, डॉन असतो. फाटकावर डॉन. आत गेल्यावर त्याला हाक काय? 'शोनू, ये रे बाळा, मम्मम् खा.'

दहशत बाहेरच्यांसाठी, शोनू घरच्यांसाठी.

या मंडळींचं एक सार्वजनिक वाक्य आहे. तुम्ही लिफ्टच्या कोपऱ्यात पाठ चिकटवून उभे, समोर चाळीस किलोंचं धूड, आणि पट्टा धरलेला माणूस हसून सांगतो, 'काही करत नाही हो तो.'

काहीच करणार नव्हता, तर एवढे पैसे कशाला घातले? काहीही न करणारं घरात आधीच कोणी ना कोणी असतं. ते फुकट मिळतं.

फाटकावर पाटी, 'कुत्र्यापासून सावध राहा'. सोसायटीच्या सभेत निवेदन, 'आमचा ब्रूनो म्हणजे देवमाणूस'. पाटी लावणारा आणि निवेदन करणारा एकच. बदनामीचं व्याज वर्षभर खायचं आणि वसुलीला कोणी आलं की मुद्दलच घेतलं नव्हतं म्हणायचं.

मानखुर्दला जुलै २०२५ मध्ये काय झालं, आठवतंय? उभी रिक्षा, आत ११ वर्षांचा मुलगा आणि एक पिटबुल. कुत्रा मुलाच्या हनुवटीला चावला, मुलगा जीव घेऊन पळाला. चित्रफीत देशभर फिरली. लोकांचं रक्त कशाने खवळलं? कुत्र्याच्या दातांनी नाही.

मालक हसत होता.

त्या पिटबुलच्या जागी पामेरियन असता, तर मालकाला हसू आलं असतं का? गंमत होती समोरच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडण्याची. तीच तर विकत आणलेली होती. पैसे वसूल व्हायला नकोत?

आता नेपियन सी रोडला या. वस्ती बदलते, पत्ता महाग होतो, माणूस तोच. साल २०१०. मालमत्तेवरून वाद, दोघे गाडीपाशी उभे, आत रॉटवायलर भुंकतोय. बाहेरचे ७२ वर्षांचे गृहस्थ म्हणतायत, दार उघडू नका. दार उघडलं गेलं. कुत्रा तीनदा चावला. मालकाला तीन महिन्यांची कैद झाली ती २०२३ मध्ये, गिरगावच्या न्यायालयात. तेरा वर्षं. रॉटवायलर जगतो साधारण नऊ-दहा.

मुख्य साक्षीदार असता, तरी हयात नसता.

आणि वरळी. २०१८ साली लिफ्टपाशी एक शेजारी सांगतोय, माझ्याबरोबर लहान मूल आहे, जरा थांबा. थांबतो कोण? मालकाने कुत्रा ओढत आत आणला आणि कुत्रा शेजाऱ्याला चावला. २०२५ मध्ये मालकाला चार महिने सक्तमजुरीची शिक्षा. कुत्रा कुठला? हस्की. निळ्या डोळ्यांचा, जो केंद्राच्या धोकादायक जातींच्या यादीत औषधालाही सापडत नाही. यादीत ज्याचं नाव हवं होतं, ते लिफ्टमध्ये दोन पायांवर उभं होतं.

यादी म्हटलं की सरकार आलंच.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र धाडलं. २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा. जी कुत्री आधीच कुणाच्या घरी आहेत, त्यांची नसबंदी करा. ती यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. तोसा इनू एकदा येतो आणि थोडं पुढे जपानी तोसा म्हणून पुन्हा येतो. एकाच कुत्र्यावर दोनदा बंदी. मतदारयादी करणाऱ्यांनाच बसवलं असावं.

पुढे एक शब्द, टेरियर. नुसतंच टेरियर. म्हणजे पर्समध्ये मावणारा, कपाळावर रिबन बांधलेला यॉर्कशायर टेरियरही मानवी जीवितास धोका! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे संन्याशाने रिबनही बांधली होती.

एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, पाठोपाठ दिल्लीतही तेच झालं. ज्यांचा संबंध, त्यांना विचारलंच नव्हतं. महिनाभरात पत्र आलं आणि गेलं. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. पूर्वी भयंकर कुत्रा कुठला, हे विक्रेत्याला घसा कोरडा करून पटवावं लागायचं. आता सरकारी शिक्क्याची २३ नावांची यादी मोबाइलमध्ये तयार. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं.

पशुसंवर्धन खातं. संवर्धनच झालं.

ब्रिटिशांनी हा उद्योग आपल्या आधी करून पाहिला. १९९१ चा त्यांचा कायदा. पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्रासिलेरो. चार नावं बंद, प्रश्न मिटला. मिटला? लोकांना हवा होता तो जबडा पुढे दुसऱ्या नावाने दारात आला, एक्सएल बुली म्हणून. २०२३ च्या शेवटच्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याच्याही विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी आली. चार नावं बंद करायला अख्खी संसद लागली. पाचवं आणायला काही हौशी माणसं पुरली.

सहावं कुठेतरी दूध पीत असेल.

बरं, बदनामी तरी एकाच्या नावावर कायम राहते का? १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाने एका कुत्र्याची आयात बंद केली. रानटी डिंगोशी त्याचा संकर होईल आणि मेंढ्यांचा फडशा पडेल, ही भीती. बंदी चार दशकांहून जास्त टिकली. कोण हा नरभक्षक? आपला अल्सेशियन. तोच, जो तेवढ्या काळात जगभरच्या पोलिसांकडे नोकरी करून पेन्शनीत गेला.

त्याचं अल्सेशियन हे नावही भीतीपोटीच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन म्हणून काही चालेना, म्हणून जर्मन शेफर्डचं नव्याने बारसं केलं. नाव बदललं की स्वभाव बदलतो, अशी समजूत. आपल्याकडे हा उपाय शहरांवर करतात.

डॉबरमनची गोष्ट याहून सुरस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या आपोल्डा गावी कार्ल डॉबरमन नावाचा गृहस्थ करवसुली करायचा. भटकी कुत्री ठेवायचा कोंडवाडाही त्याच्याकडेच. वसुलीला जाताना सोबत धाक हवा म्हणून त्याने ही जात घडवली. तिथून ती फिरत फिरत आपल्याकडच्या बंगल्यांच्या फाटकांवर आली. कर गोळा करणाऱ्याने घडवली, कर चुकवणाऱ्याने पाळली.

शिवाय डॉबरमनचे कान जन्मतः ताठ नसतात बरं का. लॅब्राडोरसारखे पडलेले असतात. ते टोकदार दिसावेत म्हणून पिल्लूपणीच कापतात, पट्ट्या बांधून उभे करतात. निसर्गाने दिलेला चेहरा पुरेसा भीतिदायक नव्हता. मालकाला दुरुस्ती करून घ्यावी लागली.

ही कापाकापी प्राण्यांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. कुत्र्यांच्या झुंजी लावणं हाही गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर दंड किती? दहा ते पन्नास रुपये. स्वतःचे केस कापायला त्याहून जास्त लागतात.

रॉटवायलर तर बिचारा कामगार. जर्मनीतल्या रोटवाइल गावच्या खाटकांची गुरं हाकायची, गाडी ओढायची, हे त्याचं पिढीजात काम. रेल्वे आली, गुरं डब्यात बसून जाऊ लागली, याची नोकरी गेली. पुढे १९७६ मध्ये 'द ओमेन' या सिनेमात सैतानाच्या पोराची राखण करायचं काम मिळालं.

तेव्हापासून बेकार नाही.

आणि ज्याच्या नावाने आज एवढी बोंब, तो पिटबुल? पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या भित्तिचित्रांवर देशाच्या शौर्याचं प्रतीक म्हणून हाच छापला जात होता. मुलांच्या विनोदी सिनेमांत डोळ्याभोवती काळं कडं घेऊन बागडणारा पीटही याच गोत्रातला. शंभर वर्षांत गोत्र तेच राहिलं. यजमान बदलले.

यजमानांचा अभ्यासही झाला आहे. २००६ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात संशोधकांनी एक साधी गोष्ट पाहिली. धोकादायक समजल्या जाणाऱ्या जातींचे मालक आणि इतर कुत्र्यांचे मालक, यांच्या नावावर गुन्हे किती? पारडं पहिल्यांकडे चांगलंच झुकलं. तेव्हा 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीवर जागा उरली असेल, तर एक ओळ आणखी घाला.

म्हणजे सगळं खापर मालकावर आणि कुत्रा धुतल्या तांदळाचा?

थांबा. कुत्राप्रेमींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एखादा कुत्रा कसा वागेल, याचा जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असा निष्कर्ष. हा आकडा ही मंडळी आता गंडा-ताईतासारखा गळ्यात बांधून फिरतात. बांधा. पण चावायचं की नाही हे जात ठरवत नसली, तरी चावल्यावर टाके किती पडणार हे ती नक्की ठरवते. पामेरियन चिडला तर पॅन्ट जाते.

पामेरियनचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तुमच्या लहानपणी तुम्हाला कोण चावलं होतं? डॉबरमन? छे. समोरच्या काकूंचा पांढराशुभ्र, झुबकेदार, दिवसाला चौदा माणसांवर धावून जाणारा. त्याच्यावर कुणी बंदी मागितली नाही. गोरा असल्याचे फायदे कुत्र्यांनाही असतात.

१९९४ च्या 'हम आपके हैं कौन'ने तर त्याला टफी केलं, लग्न जुळवायचं काम दिलं. पुढे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे धावणारा पग आला आणि घराघरांत पग घोरू लागले. चपट्या नाकाने धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत दिसत नव्हतं. नागपूरच्या ४५ अंशांत बर्फातला हस्की जीभ काढून पडलेला असतो, त्याचंही कुळ एखाद्या मालिकेत सापडेल. बदनाम कुत्रा घेणारा निदान बदनामी वाचून तरी घेतो.

आता दुसरी जमात. ही दरारा विकत घेत नाही, पुण्य घेते. 'जगाने त्याला वाईट ठरवलं, मी त्याला समजून घेतलं.' यांच्या घरी गेलात की चहाच्या आधी पिटबुल तुमच्या मांडीवर. तुम्ही दचकलात की यांचा चेहरा उजळतो. 'घाबरलात ना? सगळेच घाबरतात. लोकांना कळतच नाही.' तुमची भीती हा यांच्या मोठेपणाचा दाखला. फिरून फिरून तिथेच आलो. समोरच्याने दचकायला हवं, एकाला गल्लीत आणि दुसऱ्याला दिवाणखान्यात.

यांतले काही खरे असतात, नाही असं नाही. कुणीतरी हौसेने आणून नाक्यावर सोडलेला, साखळीने मानेला जखम झालेला कुत्रा घरी नेतात, महिनोन्महिने खपून माणसात आणतात. त्यांना दंडवत. ओळखायची खूण सोपी आहे, ते फोटो कमी टाकतात.

टाकून देणारे मात्र भरपूर. पिल्लू असताना कुशीत, दात आल्यावर अंगणात, पहिला चावा घेतला की फार्महाउसवर. फार्महाउसवर दिवसभर साखळी, माणसाचं तोंड दिसायचं ते शनिवार-रविवारी, तेही पार्टीच्या आवाजात. पिल्लूपणी पहिले तीन-चार महिने माणसांत वावरायचे असतात, ते पुढे भरून येत नाहीत. असं वाढवलेलं कुठलंही जनावर दोन वर्षांत काय होईल? जे विकत घेतलं होतं, तेच.

बातमी खरी करून दाखवली म्हणायचं.

आणि धोका म्हणाल, तर जरा आकडे बघा. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक नोंदी झाल्या, महाराष्ट्रात पावणेपाच लाखांवर. या गर्दीत पिटबुल शोधायला भिंग लागेल. पण भटक्याने चावलं तर सरकारी दवाखान्यात इंजेक्शनची रांग, पिटबुलने चावलं तर वाहिन्यांवर चर्चा. घेणाऱ्याने हिशेब बरोबर केला होता. त्याला रांगेत उभं राहायचं नव्हतं.

खरी जोखीम कुणी पेलली, विचारा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या श्वानाने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटकं हुंगून काढली. किती जीव वाचले, मोजता येणार नाहीत. त्याचं नाव झंजीर. जात? लॅब्राडोर. ज्याला आपण सोफ्यावर बसवून बिस्किटं भरवतो आणि 'हा काय राखण करणार' म्हणून नाक मुरडतो तो.

आपल्या मातीतला हवा, तर मुधोळ आहे, ज्याला आपल्या सोलापूर-लातूरकडे कारवानी म्हणतात. घोरपड्यांच्या संस्थानाने जोपासलेला, सशामागे वाऱ्यासारखा सुटणारा. टपाल खात्याने २००५ मध्ये त्याचं तिकीट काढलं, पुढे लष्कराने त्याला प्रशिक्षणाला घेतलं. तरी फॉर्च्युनरच्या खिडकीतून तो डोकावताना दिसत नाही. का? बारीक अंगाचा आहे. बघणाऱ्याला वाटतं, याला जेवायला द्यावं. आपल्याला बघून कुणाला दया आली, तर आपला काय उपयोग?

दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. भक्तांनी आजवर त्यांची ब्लडलाइन विचारली नाही. देव असल्यामुळे दत्ताला दरारा बाहेरून आणावा लागला नसावा.

मग हा बाहेरून आणलेला दरारा घरात सांभाळतो कोण? घेतो मुलगा. पहिले पंधरा दिवस रोज एक रील. मग त्याची नोकरी, जिम, मित्र. पहाटे साडेपाचला पट्टा कुणाच्या हातात? आईच्या. नाहीतर गड्याच्या, नाहीतर साठी उलटलेल्या वॉचमनच्या. दरारा एकाचा, खांदा निखळतो दुसऱ्याचा.

लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये घरच्या पिटबुलने जिचा जीव घेतला, ती मालकाची आई होती. ८२ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. इथे चिमटा काढायला जागा नाही.

त्यानंतर गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला मनाई केली. जातींना मनाई करता येते. हौस एकाची आणि पट्टा दुसऱ्याच्या हातात, याला कुठली महापालिका मनाई करणार?

कायदा आहे, तो मालकालाच धरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्र्याची जात कोणती, हे त्या कलमात विचारलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कायदा मुद्द्याचं बोलला आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

तेव्हा घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. पुरा वाढलेला रॉटवायलर पन्नास किलोंचा होतो. त्याला रोज दोनदा बाहेर न्यावं लागतं, आषाढातल्या पावसात, दिवाळीतल्या फटाक्यांत, तुम्ही मित्रांबरोबर गोव्याला गेलेले असतानाही. घरात जो कोणी त्याला नेणार आहे, त्याच्या हातात पन्नास किलो गव्हाच्या गोणीला बांधलेली दोरी द्या आणि सोसायटीला एक फेरी मारून यायला सांगा. आला, तर विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठवा.